तायी कार्ड

पावलं सुजली तेव्हा सासूबाई म्हणाल्या,
होतंच. आमच्या वेळी चपलाही शिरत नसत.
जोडवी रुतली.
साबण लावून, दोरा गुंडाळून नणंदेनं एक काढलं.
दुसरं खानापुरात सोनारानं कातरलं,
पैसे घेतले नाहीत, बघत राहिला पायाकडे.

जांबोटीच्या दवाखान्यात शिवलीला सिस्टरनं
दंडाला पट्टा आवळला, फुगवला, सोडला,
पुन्हा फुगवला.
कार्डावर सगळं कानडीत.
एकशे साठ, खाली एकशे दहा,
तेवढं मला वाचता आलं.
आणि वरचं नाव, अक्षर जुळवत: तायी.
आई म्हणे त्यांच्यात. मी ताई वाचलं होतं,
वाटलं, सरकारनं थोरली बहीण दिली.

डोळ्यांपुढे काजवे येतात, म्हटलं मी.
तिला कळेना.
बोटांची उघडझाप करून दाखवली.
मिणुकुहुळ? ती हसली,
आणि हसू तसंच ठेवून फोनकडे धावली.

बेळगावच्या सिव्हिलात कंबरेत सुया,
तासातासाला गुडघ्यावर छोटी हातोडी.
पाय उडाला की डॉक्टरीणबाईंच्या कपाळाची आठी जाते.
तलेनोवु इदेया?
डोक्यात घण पडत होता,
तरी तोंडातून आलं, इल्ल.
दुखलं तर सांगू नये, एवढंच तर
माहेरानं न चुकता शिकवलेलं.

पहाटे पुन्हा विचारलं.
इदे, म्हटलं. आहे. खूप आहे.

बाळ अजून आत.
पदराच्या गाठीत कातरलेलं जोडवं,
दाबलं तरी मिटत नाही.