गोठवलेली घोडी

सिगुल्डाजवळच्या तबेल्यात सरकारनं एक घोडी गोठवली.
दारावर शिक्का, कागदावर क्रमांक,
मालक परदेशी, फोन बंद.

घोडीला हे कुणी सांगितलं नाही.
ती पहाटेच खूर आपटते.
झिग्रिडा ओट टाकते, बिल मंत्रालयाला पाठवते,
मंत्रालय म्हणतं, पुढच्या तिमाहीत बघू.
वैरणवाल्याची वही भरत आली.

फेब्रुवारीत, उणे अठराच्या रात्री,
घोडी व्याली.
ओलं, वाफाळतं शिंगरू
झिग्रिडाच्या जुन्या कोटात.

सकाळी रीगाहून साहेबांचा फोन:
यादीत तर एकच जनावर आहे.
हे व्याज धरायचं की मुद्दल?
आणि व्याजही गोठवायचं का?

झिग्रिडा म्हणाली, थांबा जरा,
ते आत्ता
उभं राहतंय.