कोपर

अंक तिसरा. नाव ‘ठेका’. पानं चोवीस,
त्यातली सहा जाहिरातींची : क्लास, क्लास, झेरॉक्स, सायकल दुरुस्ती, क्लास,
आणि एक अजून रिकामं.
मुखपृष्ठावर सुमेध लोंढे, क्लॅरिनेट, द्वितीय वर्ष वाणिज्य.
कॉलेज रोडच्या टपरीवर मी वहीत चार रकाने पाडले :
जागा, कपडे, उजेड, नजर.

जागेवरच अर्धा तास गेला.
पांडवलेणीच्या पायऱ्या नकोत, तिथे प्रत्येकाचा डीपी निघालाय.
द्राक्षबाग नको, घडांपुढे माणूस दिसत नाही.
शेवटी गंगापूर धरणाची पाळ,
रविवार, सकाळी सव्वासात,
निहार ज्याला मऊ उजेड म्हणतो तो तेव्हा वीस मिनिटंच असतो.
कपडे : काळं जॅकेट, निहारच्या भावाचं, बाही जरा लांब.
नजर : मी लिहिलं, दूर. कोणाचीच वाट न बघणारी.
आणि हसायचं नाही, मी सुमेधला बजावलं,
स्टार हसत नाहीत.

तो कटिंग फुंकत म्हणाला,
‘मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसलेला पण हसत नाही गं.
त्याला कुठे कोण स्टार म्हणतं.’

मग बोलता बोलता सांगून गेला,
फोटोची त्याला सवय आहे.
नऊ वर्षांचा असल्यापासून बापाच्या बँडमध्ये,
आधी खुळखुळा, मग झांजा, मग हे काळं लाकूड.
सिन्नर, पिंपळगाव, ओझर, देवळालीकडची लॉन्स,
दोन-तीनशे अल्बममध्ये तो सापडेल.
‘म्हणजे मी नाही. माझं कोपर.
लाल बाही, सोनेरी झालर, अर्धी नळी.
वरमाईच्या पदरापाशी संपतो मी.’

निहार चहा ढवळायला लागला,
बॉलपेनच्या टोपणाने.
लग्नसराईत तो मामाच्या स्टुडिओत बसतो, पंचवटीत.
मामाने पहिल्याच दिवशी शिकवलेलं :
कडेला बँडवाले आले की काप,
घरची माणसं मोठी दिसतात.

आणि मी?
मला तर घबाडच मिळालं.
‘जॅकेट’ खोडून ठळक लिहिलं, वर्दी.
लाल कोट, झालर, टोपीवरचा तुरा,
हाच चेहरा, हीच गोष्ट,
मथळासुद्धा सुचला, दोन उद्गारचिन्हांसकट.

सुमेधने ग्लास खाली ठेवला.
‘वर्दी तर अर्धं वर्ष अंगावरच असते.
घाम सुकला की पाठीवर मीठ उमटतं,
ते येईल का तुमच्या फोटोत?
जॅकेट तुम्ही रोजच घालता.
मला एकदा घालू दे.’

मी खोडलेल्या शब्दाखाली
तोच शब्द परत लिहिला. अक्षर बारीक आलं.

रविवारी पाळीवर इतका वारा
की उजेड परतवायला धरलेला थर्माकोल
मला घेऊन पाण्याकडे निघाला होता.
सुमेधने रीड जिभेवर ओली केली.
वाजवायचं नसलं तरी ती कोरडी ठेवत नाहीत, म्हणाला.
बाह्या दुमडू दिल्या नाहीत,
लांब बाहीतून बोटांची फक्त टोकं, भोकांवर बसलेली.
नजर मात्र गेली अगदी दूर, मी लिहिली होती तशीच,
कारण तिकडून वॉचमन येत होता,
शिट्टी आधी, काठी मागून.

तोच फोटो निवडला.

संध्याकाळी निहारच्या लॅपटॉपवर मोठा करून पाहिला :
पाणी करडं, जॅकेट काळं, माणूस अख्खा,
गालावर उजेड, बसायला हवा तसा बसलेला.
आणि उजव्या कडेला
थर्माकोलचा तुकडा, त्याखाली एक कोपर. माझं.

निहारने माझ्याकडे पाहिलं नाही.
‘कापू?’
‘काप,’ सुमेध म्हणाला,
‘होते सवय.’