दोन बोटं उंच

एवाझिओची सायकल त्याच्या बायकोने माझ्याकडे पाठवली
ऑगस्टच्या शेवटी, दूधवाल्याच्या टेम्पोतून.
दफनाच्या दिवशी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर होतो, तिने पाहिलं असणार.
सोबत चिठ्ठी नाही.
चाकांत हवा भरलेली.

एकोणीस वर्षं आम्ही भाऊ बोललो नव्हतो.
कारण विचाराल, तर बांध.
बांधावरची सतरा वेलींची एक ओळ,
नकाशात माझी,
आणि बापाच्या तोंडच्या शब्दात त्याची.

आज मंगळवार. द्राक्षं उतरून झालीत.
मोन्फेर्रातोच्या टेकड्या बाळंतिणीसारख्या
ऊन अंगावर घेऊन पडल्यात.
रस्त्याला चोथ्याचा आंबूस वास,
ट्रॅक्टरनी सांडलेली, वाळलेली ढेकळं
आणि मी.
सीट मला दोन बोटं उंच आहे.
पाय पुरतो, पण पुरता नाही.
दर फेरीला टाच उचलावी लागते
फळीवरची बरणी काढणाऱ्या पोरासारखी.
खाली करता आली असती, पाना खिशात होता.
नाही केली.

ओळींच्या टोकाला इथे गुलाब लावतात.
रोग आधी गुलाबाला धरतो, मग वेलीला,
म्हणजे माणसाला थोडा वेळ मिळतो.
आमच्या भांडणाच्या टोकाला
कुणी काही लावलं नव्हतं.

पहिल्या गावात नऊ दोनदा वाजतात,
एकदा चर्चच्या मनोऱ्यात, एकदा नगरपालिकेच्या.
मध्ये तीन मिनिटं.
कोणी कुणाशी मिळतं घेत नाही.

दुसऱ्या गावात माणसांपेक्षा दारं जास्त.
बेकरीवाली इर्मा पायरी झाडत होती.
तिने आधी सायकल ओळखली, हात वर केला,
मग मला ओळखलं,
आणि तो हात तिने केसांकडे नेला.

तिसरं रोक्कापियाना. नावात सपाट,
चढ असा की बोलक्याची बोलती बंद.
तट पिवळसर दगडाचा, नखानेही खरवडेल असा,
त्यात शिंपले सापडतात. इथे समुद्र होता म्हणे.
त्याच दगडात प्रत्येक घराने
हिवाळ्यातल्या रिकाम्या हातांनी
बाटल्यांसाठी तळघर कोरलंय.
आमच्या बापानेही. किल्ली एवाझिओकडे राहिली.
शेवटच्या वळणाला मी उतरलो, ढकलत नेली.
लाज कसली, सत्तरी गाठलीय.

चौकातल्या नळाला तोंड लावून पाणी प्यालो.
मग पाना काढला.
सीटच्या दांडीवरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं
आणि दिसल्या दोन रेघा, कानशीने ओढलेल्या.
एक पकडीपाशी, त्याची.
दुसरी तिच्या दोन बोटं वर.
रेघ जितकी वर, माणूस तितका बुटका.

पोरवयात आम्हा दोघांत एकच सायकल होती,
तिच्यावर अशाच दोन रेघा होत्या.
पण ती केव्हाच भंगारात गेली.
ही निळी त्याने पेन्शनीत निघाल्यावर घेतली,
म्हणजे अबोल्याच्या सातव्या वर्षी.

दुकानदाराने ओढली असेल.
देल्फिनासाठी असेल.
पण तिचा डावा गुडघा तर लग्नाआधीपासून वाकत नाही.
पंचवीस पावलांवर तिचं दार.
आतून ताटल्यांचा आवाज येत होता.
विचारता आलं असतं.

दुसऱ्या रेघेवर सीट बसवली. पाना आवळला.
पाय बरोबर पुरला.

उतारावर पायडल मारावं लागत नाही,
मागच्या चाकाची टिकटिक फक्त ऐकायची.
इतकी स्वच्छ टिकटिक
रोज तेल घालणाऱ्याच्याच सायकलची असते.

सतरा वेलींपाशी थांबलो.
यंदा त्या ओळीला कुणीच हात लावला नाही,
तो अंथरुणावर होता,
आणि मी नकाशा घरात ठेवून गप्प होतो.
निम्मं भोरड्यांनी नेलं.
उरलेले मणी देठावरच सुकून गोड झालेत.

दोन घड तोडले, टोपीत ठेवले,
टोपी हँडलला अडकवली
आणि सायकल वळवली.

चढ तोच. धुकं तेवढं विरलं होतं.
इर्मापाशी पोचेपर्यंत
एक घड मीच संपवला.