एकच हूल

अमोस भिंगारदिव्याला मी बहुतेक पाठमोराच ओळखतो.
बारा वर्षं तो राईट विंग, मी लेफ्ट बॅक,
नेहरूनगरच्या मैदानावर, पहिली पाळी सुटल्यावर
अ संघ विरुद्ध ब संघ. मी कायम ब.
त्याच्या पाठीवर सात, आईनं पडद्याच्या कापडातून शिवलेला,
एका बाजूनं टाका उसवलेला.
तो पुढं गेला की ते टोक फडफडायचं,
आणि तो नेहमी पुढंच असायचा.

लोक म्हणतात, शंभर युक्त्या होत्या त्याच्याकडं.
एकच होती.
चेंडू पायाशी घेऊन थांबायचा,
भाव ऐकून गिऱ्हाईक थांबतं तसा,
मग डावा खांदा जरासा आत.
मी उजव्या पायावर जायचो,
तोवर तो बाहेरून, चुन्याच्या रेघेवरून, गेलेला.
मला माहीत होतं.
मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं.
कॅन्टीनमधल्या चहावाल्या भिकनलाही माहीत होतं.
एकदा ठरवलं, आज हलायचंच नाही.
नाही हललो.
त्यानं चेंडूवर पाय ठेवला, म्हणाला,
"बोरस्ते, तुझी नाडी सुटलीय."
मी खाली बघितलं.

हे सगळं शरणपूरच्या मिशन कंपाउंडात सुरू झालं.
चिंचेच्या दोन झाडांमध्ये गोल,
आतल्या अंगाला पाळकबाईंच्या गुलाबाच्या कुंड्या.
म्हणून पोरगा बाहेरून पळाला.
एवढंच त्याचं शास्त्र.

बहीण नर्स होऊन विलायतेला गेली, तिनं बूट धाडले,
एक नंबर मोठे, सोबत चिठ्ठी:
इकडचे विंगर तुझ्यासारखेच, रेघ सोडत नाहीत.
ती त्यानं वाचून दाखवायला नको होती.
त्या दिवसापासून त्याचं नाव इंग्लंड.
"इंग्लंडला दे! अरे इंग्लंड मोकळा आहे!"
इंग्लंड कोल्हापूरच्या पुढं कधी गेलं नाही.
तिथं मात्र, तीन-शून्य हरताना,
समोरच्यांच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या,
एका तालमीनं राहायला खोली देऊ केली.
तो परत आला. नोकरी पर्मनंट होती.

गोल किती? नऊ. किंवा अकरा, दोनांवर वाद आहे.
त्याच्या क्रॉसला कपाळ लावणाऱ्या फ्रान्सिसचा
फोटो अजून क्लबात लटकतोय.

ओझरच्या संघाविरुद्ध गुडघा गेला.
मारणारा पोरगा वाईट नव्हता,
फक्त उशिरा पोहोचला, आम्ही सगळेच पोहोचायचो तसा.
बाकावरून मी तो आवाज ऐकला, ओली काडी मोडावी तसा,
आणि खरं सांगतो,
पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं.
हे मी कुणाला बोललो नाही.

मग मोजणी विभाग. दुसऱ्यांचे पैसे, शंभर-शंभरच्या गड्ड्या.
सुटताना गेटवर झडती,
नोटांचा कारखाना, कागदाचा कपटा बाहेर जात नाही.
तिघांना चकवून कॉर्नरपर्यंत जाणारा माणूस
हात वर करून जवानासमोर उभा राहायचा,
आणि त्या गेटातून रोज
सरळ जायचा.

परवा बिटको हॉस्पिटलात गेलो होतो, शुगर दाखवायला.
अरुंद बोळ, दोन्हीकडं बाकडी,
समोरून वॉकर ठोकत अमोस.
मी वाट द्यायला थांबलो. तोही थांबला.
अगदी थांबला.
मग डावा खांदा जरासा आत,

आणि मी, सदुसष्ट वर्षांचा, उजव्या पायावर.

तो भिंतीकडून गेला, टक, टक, फार हळू,
बघत राहण्याइतका वेळ होता.
पाठीवर आता काही नाही, घडीची सुरकुती फक्त.
"नाडी बघ," म्हणाला, वळला नाही.
मी चपला घातल्या होत्या.
तरी बघितलं.

तेवढ्यात माझा नंबर पुकारून झाला होता.