ओटिलीबाईची वही

मे महिन्यात बोटीतून उतरले नऊ जण.
पगार घेऊन चेंडू मारणार म्हणे!
गाव हसलं. मी फक्त ताटं मोजली.

त्यातला टूही झेल घ्यायचा, उघड्या हातांनी.
हातमोजा घातला की लोक बायल्या म्हणत.
जूनमध्ये त्याची करंगळी वाकडी झाली,
जुलैत मधलं बोट.
चमचा धरता येईना, तेव्हा मी
बटाटे कुस्करून द्यायला लागले,
लेकराला द्यावेत तसे,
दिवा बारीक करून, बाकीच्यांना दिसू नये म्हणून.

हरले फार. जिंकले त्या दोन दिवशी
माझे कोबीचे वाफे तुडवले.

ऑगस्टात क्लबाची तिजोरी रिकामी.
मैदानाचं कुंपण लाकूडवाल्यानं उचकटून नेलं.
पहाटे आठ जण मागच्या दारानं गेले,
टूही पुढच्या.
"बाई, हिशेब करा," म्हणाला
आणि टेबलावर ठेवला चेंडू:
शिवण उसवलेला, गवतानं हिरवा,
एका बाजूनं चेपलेला.

वहीत त्याच्या नावापुढं
एकवीस डॉलर अजून तसेच आहेत.
चेंडू शिवणाच्या टोपलीत असतो.
मोज्याच्या टाचेत घालून रफू करायला
अगदी बेताचा आहे.