सोळाच्या पटीत

आधी आकडा ठरतो, मग देखणेपण.
हे मला मोमीनांनी शिकवलं, धायरीच्या प्रेसमध्ये,
कटिंग मशीनच्या वरताण ओरडून:
"मॅडम, पानं सोळाच्या पटीत. एकशे अठ्ठावीस करा
नाहीतर एकशे चव्वेचाळीस.
एकशे तीस असं काही नसतं."

माझ्याकडे सहाशे बारा फोटो.
सगळे खुर्च्यांचे.
सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन बसतो, त्या.
सहकारनगरची, पाठ सुतळीनं विणलेली.
बाणेरची चाकांची, एके काळी कुण्या मॅनेजरची,
एक चाक गेलं तिथे वीट.
बिबवेवाडीची तीन पायांची, भिंतीच्या भरवशावर.
साळुंके विहारच्या खुर्चीत उशी,
उशीला अभ्रा, अभ्र्यावर भरलेला मोर.
मोर कुणी भरला, विचारायचं राहून गेलं.

"खुर्च्या?" भाऊ म्हणाला.
"पुण्यात काढण्यासारखं दुसरं काही दिसलं नाही?"
त्याच्या टीपॉयवर किल्ल्यांचं जाडजूड पुस्तक आहे.
त्यावर रिमोट असतो.

एप्रिलभर हॉलच्या फरशीवर
पोस्टकार्डाएवढे प्रिंट मांडून बसले,
उडतात म्हणून पंखा बंद.
दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या की बोलू लागतात,
काही तर भांडतात.
निळीजवळ लाल नको,
मोडकीपुढे लगेच मोडकी नको, कीव यायला लागते.
कामवाल्या रुक्साना फोटो ओलांडत पोछा मारायच्या.
एकदा वाकून म्हणाल्या, "ही आमच्या ह्यांची."
ती मी काढणारच होते.
ती आता पान एकोणीसवर आहे.

मुदत ठेव मोडताना बँकेतल्या मुलीनं विचारलं, "कारण?"
म्हटलं, "बांधकाम."
अगदीच खोटं नव्हतं:
पुठ्ठा, शिवण, कापडी पाठ, एकशे सत्तरचा मॅट कागद,
तीनशे प्रती.
"पाचशे केल्या तर स्वस्त पडतील," मोमीन म्हणाले.
"आणि ठेवू कुठे?"
"ते सगळेच विचारतात," ते म्हणाले, "नंतर."

डमी आली.
खुर्चीत माणूस असलेला फोटो एकच:
व्यंकट मुळजे, मूळचे उदगीरचे,
नऊ वर्षं कर्वेनगरच्या एकाच फाटकावर.
दोन पानांवर पसरलेले,
आणि शिवण नेमकी नाकावरून.
पुस्तक जितकं मिटावं तितका चेहरा आत ओढला जाई,
एक डोळा बहात्तरवर, एक त्र्याहत्तरवर.

मोमीनांनी चष्मा कपाळावर चढवला.
"सरकवू डावीकडे. पण मग उजवीकडची
बिल्डिंगच्या नावाची पाटी कापली जाईल."
संगमरवरी, सोनेरी अक्षरांची पाटी.
"जाऊ दे," मी म्हटलं.
इतक्या महिन्यांत एवढा एकच निर्णय
मी पटकन घेतला.

खोकी आली टेम्पोतून, बारा-बाराची पंचवीस.
लिफ्ट बंद. आमच्याच वॉचमननं तिसऱ्या मजल्यावर चढवली,
खोक्यात काय आहे ते न विचारता.
मीही लगेच सांगितलं नाही. का कोण जाणे.
दिवाणाखाली, देव्हाऱ्याखाली, वॉशिंग मशीनवर.
घरभर शाईचा वास,
आणि चहाचा कप ठेवायला कुठे जागा नाही.

पहिली प्रत घेऊन कर्वेनगरला गेले.
मुळजे उठून उभे राहिले. मला ओळखलं,
तरी रजिस्टर पुढे केलं, नियम म्हणून:
नाव. वेळ. कोणाकडे.
तिसऱ्या रकान्याशी मी थांबले.
नऊ वर्षांत त्या रकान्यात फ्लॅटचेच नंबर.
त्यांनी पेन घेतलं,
आणि स्वतःच लिहिलं, सावकाश, शिरोरेघ ओढत: मुळजे.

पुस्तक त्यांना एका हातात पेलेना,
दुसऱ्या हातात फाटकाची किल्ली.
केबिनमध्ये टेबल नव्हतंच.
मग खुर्चीवर ठेवलं, रुमालानं आधी पुसून,
आणि आम्ही दोघं उभ्यानंच बघू लागलो.
हॉर्न वाजला की ते फाटक उघडून येत,
थुंकी न लावता पान उलटत.
पान एकोणीसपर्यंत पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

रजिस्टरातला 'गेल्याची वेळ' हा रकाना
मी भरला नाही.
त्यांनीही आठवण केली नाही.