तामलवाडीच्या पुढं

गाडी माझ्यासमोर कधी बिघडलीच नाही.
तीनदा आली, तीनदा पाहुण्यांपुढच्या पोरासारखी
आसरा चौकातून फिरून गुमान परतली.
स्कॅनर लावला. एकही कोड नाही.
कलशेट्टी मॅडम बाकड्यावर बसून
माझ्या तोंडाकडं बघत होत्या, स्क्रीनकडं नाही.

"चढावर मरलालीय ओ ही. दमच जातो.
बंद करून चालू केली की परत चांगली."

दोन हजार नऊचं डिझेल, टर्बो मूळचाच,
दोन लाख बारा हजार किलोमीटर.
पहिल्यानं हवेचा सेन्सर बदलला,
दुसऱ्यानं फिल्टर, मग सोलेनॉइड,
आणि तिसरा म्हणाला,
मॅडम, तुमचाच गिअर चुकत असेल.

एकतीस वर्षं कॅशियर.
एक रुपया जुळत नाही म्हणून
रात्री नऊला पुन्हा पहिल्यापासून मोजणारी बाई.
तिला म्हणाला, तुमचंच चुकत असेल.

त्यांनी पर्समधून वही काढली.
लाल पेनानं आखलेले रकाने:
तारीख, वेळ, ऊन, एसी, माणसं किती, कुठं.
शेवटचा रकाना, कारण. तो वरपासून खालपर्यंत कोरा.
अकरा नोंदी.
सकाळची एक नाही.
डिसेंबरातली एक नाही.
सगळ्या तुळजापूरच्या वाटेवर,
निघाल्यापासून चाळीसेक मिनिटांनी,
तामलवाडीच्या पुढं.

अण्णा आठवले.
मागावर जॉबर होते, चादरीच्या कारखान्यात.
कधीतरी, कुठंतरी, एकच धागा तुटायचा
आणि मालक म्हणायचा, कामगार झोपतोय.
अण्णा माग बंद करायचे नाहीत.
न पेटवलेली विडी ओठात धरून शेजारी उभे राहायचे
त्या सगळ्या खटखटीत एक खट् हलकी पडेस्तोवर.
थांबलेला माग खोटं बोलतो, म्हणायचे, तेलुगूत.
मराठीत ते फक्त पगाराचं बोलायचे.

म्हणून मे महिन्यात, दुपारी अडीचला,
त्रेचाळीस अंशात आम्ही निघालो.
मॅडम चालवायला. मी शेजारी,
मांडीवर व्हॅक्यूमचा गेज,
त्याची नळी बॉनेटच्या फटीतून, काचेतून आत घेतलेली.
तामलवाडी गेली.
काटा जागच्या जागी.
मॅडमनी घड्याळ बघितलं, मग मला,
आणि मला एकदम भीती वाटली
की आजही ही शहाण्यासारखी वागणार.

घाट लागला. काटा थरथरला.
वीसवरून चौदा. चौदावरून आठ.
गाडीनं खांदे पाडले.
सत्तर, पन्नास, पस्तीस,
मागं उसाचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देतोय.
मॅडमचा हात चावीकडं गेला.
"बंद करू नका," मी ओरडलोच,
"बंद केली की ती विसरते!"

कडेला घेतली. चालू इंजिनावर बॉनेट उघडलं,
मनगट भाजून घेतलं.
टर्बोच्या मागं, तापल्या पत्र्याला टेकून
करंगळीएवढी रबरी नळी.
तिला केसाएवढी चीर.
गार असताना मिटलेली,
तापली की ओठ विलग.
कान नेला तर आत ओढून घेतलेला श्वास,
बशीतला गरम चहा सुर्रकन प्यावा तसा.

मॅडमनीही कान लावला,
पदर मुठीत आवळून, डोळे मिटून.
बराच वेळ.
"हीच?"
"हीच."
"केवढ्याला येते?"
"हातभर घेतली तर ऐंशी रुपये."

हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत.
उन्हात उभ्या राहून बारावी नोंद लिहिली
आणि कोऱ्या रकान्यात, नीट अक्षरात, नळी.
मग त्याखाली अकरा वेळा, वर जाणारा बाण.

गॅरेजवर येऊन नवी टाकली,
पत्र्यापासून चार बोटं लांब, क्लिप मारून.
जुनी त्यांनी मागून घेतली,
शेंगाचटणीच्या रिकाम्या पिशवीत घातली.
घर जुळे सोलापुरात आहे त्यांचं.
गाडी वळली उलटी, अक्कलकोट रोडकडं.
तो तिसरा तिथंच बसतो.